ठाऊक असण्याची भीती

पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी मोठी जत्रा भरते. त्या जत्रेत, बैलांच्या बाजारापलीकडे ठोकलेल्या एका तंबूत, मी लहानपणी राजा परांजपे यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ हा बोलपट पाहिला. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या पुरुषासमोर हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी उभी राहते, आणि ‘मीच तुमची पत्नी’ असे म्हणू लागते. तंबूत यंत्र एकच असल्यामुळे दर रीळ संपले की दिवा लागे. अशाच एका खंडात, आदल्या रात्री खेळ पाहून गेलेल्या मागच्या गृहस्थांनी सारे रहस्य मोठ्याने सांगून टाकले!

मी विलक्षण संतापलो. पण मौज अशी की, दिवा मालवल्यावर माझी छाती अधिकच धडधडू लागली. पडद्यावरची माणसे तर्क लढवीत होती, चुकत होती. आणि खरे काय ते ठाऊक असून मला त्यांना सांगता येत नव्हते. (ते गुपित मी येथे फोडणार नाही. माझा सूड वाचकांवर का?)

या अनुभवाचे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी सापडले. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रांस्वा त्रुफो यांना दीर्घ मुलाखत दिली. तीत ते म्हणतात, दोन माणसे टेबलाशी गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसेल. पण टेबलाखालचा बॉम्ब आणि भिंतीवरचे घड्याळ त्याला आधीच दाखविले, तर त्याच क्षुल्लक गप्पा पंधरा मिनिटे त्याचा जीव टांगणीला लावतील. लपविल्याने कुतूहल वाढते. उत्कंठा वाढते ती सांगितल्याने. दिग्दर्शक आपल्याला शहाणे करतो आणि खुर्चीला बांधून ठेवतो.

ही मला केवळ चतुराई वाटे. एका वैशाखात शहापूरला डॉक्टरांनी मला बाजूस घेऊन सांगितले, की माझे वडील दिवाळी पाहणार नाहीत. घरी आलो तो नाना ओसरीवर बसून राबाची चौकशी करीत होते. समोर माहुलीचा डोंगर उन्हात तळपत होता.

“पुढच्या वर्षी वरच्या खाचराचा बांध नवा घालू. रजा काढून ये,” ते म्हणाले.

“येईन, नाना.”

चहा, पाऊस, बियाणे! किती साधे बोलणे ते! पण घरातल्या घड्याळाची टिकटिक मला प्रथमच ऐकू आली.

१९३६ सालच्या ‘सॅबोटाज’मध्ये हिचकॉक यांनी एका अजाण मुलाच्या हाती बॉम्बचे पुडके देऊन त्याला बसमध्ये बसविले, आणि तो बॉम्ब खरोखरच फुटू दिला. ती आपली चूक झाली, असे त्यांनी पुढे त्रुफोंजवळ कबूल केले. प्रेक्षकाला इतका वेळ ताटकळविल्यावर त्याची सुटका करणे हे दिग्दर्शकावरचे ऋण असते. आयुष्य असले ऋण मानीत नाही. नाना आश्विनात गेले.

दिवस झाल्यावर मी त्यांची पेटी उघडली. सातबाराचे उतारे नीट लावून दोऱ्याने बांधलेले होते. खाली माझ्या नावाचे एक पाकीट होते. त्यात बांधाच्या मजुरीचे पैसे. पाकिटावर तारीख होती, आणि ती डॉक्टर माझ्याशी बोलले त्याच्या चार दिवस आधीची होती.

म्हणजे टेबलाखाली काय आहे, ते त्यांनाही ठाऊक होते. आणि मला ते ठाऊक नसावे म्हणून ते बांधाच्या गोष्टी बोलत होते. त्या ओसरीवर प्रेक्षक कोण होता, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

बांध मात्र मी त्या माघात घालून घेतला.