न ऐकू आलेला पक्षी

पक्षी ‘पाहावयास’ जातो असे आपण म्हणतो खरे. पण या छंदात डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक राबावे लागते. झाडीत शिरले की बहुतेक पक्षी आधी आवाजाने कळतात, आणि मग पानांआडून त्यांचे शेपूट किंवा चोच हुडकण्याचा उद्योग सुरू होतो. ज्याचे कान गेले त्याची निम्मी दुर्बीण फुटली म्हणावयास हरकत नाही.

साठी उलटल्यावर कानांतून प्रथम निरोप घेतात ते अतितार स्वर. बोलणे ऐकू येत असते, दाराची कडी ऐकू येते, तबल्याची चाटही ऐकू येते. त्यामुळे काही गेले आहे याचा माणसाला पत्ताच लागत नाही. मला डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख काढून दाखविला होता. डावीकडून सुखाने चाललेली रेषा उजव्या टोकाला बोरघाट उतरावा तशी एकदम खाली आली होती. मी त्या कागदाची घडी करून दुर्बिणीच्या पेटीत ठेवली आणि पुतणीकडे आयर्लंडला निघालो.

पुतणी नोकरीच्या निमित्ताने लिमरिकला असते. मे महिन्यातील पहिला सोमवार हा तिकडे सार्वजनिक सुट्टीचा दिवस. तेव्हा शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस मोकळे मिळाले. बेत असा काही आखला नव्हता. दिवसा पक्षी, रात्री त्या देशाचे जुने संगीत, आणि मधल्या वेळात मोटार जाईल तिकडे आपण जावयाचे.

पहिल्या सकाळी आम्ही गॉर्टजवळच्या कूल येथील उपवनात गेलो. लेडी ग्रेगरी यांचे हे ठिकाण. त्यांचे घर १९४१ साली पाडून टाकले. आता तेथे जोते तेवढे राहिले आहे. पण बागेतील तांबूस पानांचा बीच वृक्ष उभा आहे, आणि त्याच्या सालीवर येट्स, शॉ, सिंज या मंडळींनी कोरलेली आद्याक्षरे आहेत. येट्सचे नाव निघाले म्हणजे आपल्या वाचकाला १९१२ सालच्या इंग्रजी ‘गीतांजली’ची प्रस्तावना आठवणारच. शाळकरी पोरांनी झाडावर नावे कोरली तर आपण त्यांचे कान उपटतो. कवींनी कोरली की झाडाभोवती कठडा घालतो!

त्या झाडापासून थोड्या अंतरावर सूचिपर्णी वृक्षांची दाटी आहे. तेथे पुतणी एकाएकी थांबली, बोट वर करून म्हणाली, “ऐकलंत ना, काका? गोल्डक्रेस्ट.”

मी काहीच ऐकले नव्हते. तिने दाखविलेल्या फांदीवर दुर्बीण लावली, तेव्हा तो दिसला. पाच-सहा ग्रॅम वजनाचा जीव, साऱ्या युरोपात याहून लहान पक्षी नाही. अंग हिरवट, डोक्यावर हळदीचे बोट ओढावे तशी पिवळी पट्टी. चोच उघडलेली होती, गळा थरथरत होता, सगळा देह त्या गाण्याने हलत होता; आणि माझ्यापर्यंत त्यातले काहीही पोहोचत नव्हते. काचेच्या तावदानापलीकडे कोणी गात असावे तसे ते दृश्य होते. पुतणी माझ्याकडे पाहत होती. “सुरेख आहे,” मी म्हणालो. ते असत्य नव्हते. पण ती पुढे काही बोलली नाही आणि नंतर वाटेत माझ्या उजव्या बाजूने, जरा जवळून चालू लागली.

दुपारी आम्ही बरेन नावाच्या प्रदेशात उतरलो. मैलोगणती उघडा, करडा चुनखडक. त्याच्या भेगांतून जेन्शियनची गडद निळी फुले वर आलेली. तेथे कक्कू ऐकला, आणि मनसोक्त ऐकला, कारण त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. इंग्रजी कवितांची भाषांतरे करताना आपण या पक्ष्याला खुशाल कोकिळ करून टाकले आहे. दोघेही परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कुळातले हे खरे. पण आपला कोकिळ सूर चढवीत चढवीत अगदी हातघाईवर येतो, तर हा गृहस्थ वरून खाली उतरणारे दोनच सूर घड्याळाच्या इमानाने म्हणत राहतो.

रविवारी मोहरचे कडे पाहिले. समुद्रातून २१४ मीटर उंच उठलेली ती भिंत आणि तिच्या अरुंद पायऱ्यांवर घरटे न बांधता उघड्या दगडावर अंडी घालणारे गिलेमॉट व रेझरबिल यांचे हजारोंचे संसार. तेथला कोलाहल बहिऱ्यालाही ऐकू जावा असा होता. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

डूलिनला आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथील वृद्ध बाईंशी मात्र एका न दिसलेल्या पक्ष्याविषयी पुष्कळ बोलणे झाले. तिच्या लहानपणी घरामागच्या गवतात कॉर्नक्रेक रात्रभर ओरडत. फणीच्या दात्यांवरून नख ओढावे तसा त्यांचा आवाज. झोप येईना म्हणून तिचे वडील खिडकीतून जोडा फेकीत. हा पक्षी आफ्रिकेतून येऊन गवतात घरटे करतो. गवत विळ्याने उशिरा कापले जात होते तोवर त्याचे ठीक चालले. यंत्रे आली, कापणी लवकर होऊ लागली, आणि पिले पात्यांखाली सापडू लागली. आज तो वायव्येकडील डोनेगल, मेयो अशा किनाऱ्यांवर आणि बेटांवर थोडाफार उरला आहे. तेथील शेतकऱ्यांना कापणी शेताच्या मध्यापासून बाहेर करीत नेण्यास शिकवितात, म्हणजे पिलांना कडेला पळावयास वाट मिळते. मला मौज वाटली ती ही, की कॉर्नक्रेक मला उत्तम ऐकू आला असता. पण तेथे तो नव्हता. गोल्डक्रेस्ट होता, तर तेथे माझे कान नव्हते.

रात्री गावातल्या पबमध्ये गेलो. मी चहा मागितला तेव्हा कोणीही भुवया उंचावल्या नाहीत, हे त्या गावाच्या सभ्यतेचे लक्षण. कोपऱ्यातल्या मेजाभोवती सहा-सातजण बसले होते: फिडल, लाकडी बासरी, कॉन्सर्टिना, आणि इलिन पाइप्स. रंगमंच नाही, पुढारी नाही. कोणी एक सुरुवात करतो, बाकीचे ओळखून त्यात मिसळतात. चीज दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. सगळी चीज दोन-तीनदा झाली की न थांबता दुसरीत उडी. सगळे एकच चाल वाजवितात. आपल्यासारखी बढत नाही. सारी करामत खटक्या-मुरक्यांत. पहिला अर्धा तास मला ते एकसुरी वाटले हे सांगितले पाहिजे. मग पाय आपोआप ठेका धरू लागला.

इलिन पाइप्स हे वाद्य फुंकीत नाहीत. एका काखेतल्या भात्याने दुसऱ्या काखेतल्या पिशवीत हवा भरतात, आणि त्याचे नावही कोपरावरूनच पडले आहे. आपल्याकडे सनईच्या जोडीला एकजण नुसता सूर धरून बसतो. येथे ते काम वाद्याच्याच नळ्या करतात. हे वाद्यही कॉर्नक्रेकच्या वाटेनेच निघाले होते. दुष्काळ आणि देशांतर यांनी वाजविणारे नेले; १९३५ च्या कायद्याने घराघरांतल्या नाचांवर गदा आली. शिकागोच्या पोलीसखात्याचा प्रमुख फ्रान्सिस ओ’नील याने देशांतर केलेल्या वादकांकडून चिजा गोळा करून १९०३ साली १८५० चिजांचा संग्रह छापला! (आपल्याकडे असा पोलीस-अधिकारी निपजला असता तर किती घराण्यांच्या बंदिशी वाचल्या असत्या.) पुढे १९६८ साली पाइप्सवाल्यांनी आपली संस्था काढली. त्या रात्री वाद्य मांडीवर घेऊन बसलेली मुलगी फार तर अठरा वर्षांची असेल.

तिने एक संथ चाल काढली, ठेक्यावाचूनची. बोलणे थांबले, मागे पेले धुणाऱ्याने नळ बंद केला. त्या खालच्या सुरांतील एकही माझ्या हातून निसटला नाही.

नंतरच्या एका चिजेचे नाव मी शेजाऱ्याला विचारले. ‘द मॉर्निंग थ्रश’, तो म्हणाला. सकाळच्या कस्तुराची चाल, जेम्स एनिस या पाइपरने बांधलेली. पुतणीने ते ऐकले असावे.

सोमवारी परतताना तिने रस्त्याच्या कडेला मोटार थांबविली, पिशवीतून आपली टिनची शिट्टी काढली (ती गेले वर्षभर शिकते आहे), आणि गोल्डक्रेस्टची ती चाल पुष्कळ खाली उतरवून, सावकाश वाजविली: तीच छोटी फिरकी पाच-सहा वेळा, आणि शेवटी एक लहानसा झटका. “शेवटचं पुष्कळदा चुकतं माझं,” ती म्हणाली. मी तिला पुन्हा वाजवावयास सांगितले.