रजेचं कारण : पोळा

इंजिनिअर झाल्यावर माणसाला छंद उरतात का? आमच्या होस्टेलमध्ये हा प्रश्न सहसा सबमिशनच्या आदल्या रात्री निघतो आणि चहाबरोबर संपतो. कुणाची गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते, कुणी अकरावीला तबला सोडलेला असतो. उत्तर मात्र सगळ्यांचं एकच, "एकदा प्लेसमेंट होऊ दे, मग बघू!" तर मित्रांनो, आमच्या घरात एक प्लेसमेंट झालेला माणूस आहे. त्याचं काय झालं ते सांगतो.

हा माझा चुलतभाऊ. आम्ही मारेगावचे. यवतमाळ जिल्ह्यात करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हे तालुक्याचं गाव लागतं. भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि वणीकडे गेलं की कोळशाच्या खाणी. रेल्वे पाहिजे असेल तर वणी गाठा! दादा पुण्याला, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचा क्लायंट न्यूयॉर्कचा. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. म्हणजे गाणं-नाटक-मित्र यांची जी वेळ, नेमकी तीच मीटिंगची वेळ.

आणि या माणसाचा जीव कशात, तर झडत्यांत! पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या विदर्भात पोळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल रांगेनं उभे करतात आणि पोळा फुटायच्या आधी लोक झडत्या म्हणतात. म्हणजे खणखणीत आवाजातल्या यमकाच्या ओळी. देवाचं नाव घेऊन सुरुवात होते आणि बघता बघता कापसाचा भाव, सावकार, पुढारी, शेजारी, सगळ्यांचा समाचार घेतला जातो. एकानं टाकली की समोरच्यानं उत्तर द्यायचं. शेवटी सगळ्यांचा "हर हर महादेव!" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे लहानपणी मला त्यातलं अर्धंच कळायचं. हसायचो मात्र पूर्ण.

२०२० साली कोरोनामुळे आमच्याकडे पोळा भरलाच नाही. बैल घरीच पूजले. दादा तेव्हा वर्क फ्रॉम होम करत गावातच होता. त्यानं एक आयडिया काढली. म्हाताऱ्या मंडळींच्या घरी जायचं, अंतर ठेवून बसायचं आणि त्यांच्या झडत्या मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. फाइल्सना नावं दिली, वर्षं लिहिली, बॅकअप घेतला. अगदी प्रोजेक्टसारखं काम! मग मोठ्या कौतुकानं आमच्या आबाजींना ऐकवलं. आबाजी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोबाइलात भरून ठेवली तं काय झालं? तो काय पलटून जवाब देते?"

दादा गप्प झाला. पण ते वाक्य त्याला लागलं. कोडिंग घरून करता येतं, मीटिंग घरून होते, पैसे सुद्धा घरून पाठवता येतात. झडती मात्र एकट्यानं होत नाही. तिला समोर माणूस लागतो.

तेव्हापासून दादा दरवर्षी पोळ्याला येतो. रात्रभर ट्रॅव्हल्सनं यवतमाळ आणि पुढे एसटी. हा प्रवास फुकट नाही बरं का. पोळ्याला रजा मिळावी म्हणून तो टीममधल्या मित्राची दिवाळीची सपोर्ट ड्युटी स्वतःकडे घेतो. त्यामुळे लक्ष्मीपूजनाला काकूचा मुलगा व्हिडिओ कॉलवर असतो आणि काकूचे डोळे भरलेले असतात. दोन्ही सण काही त्याला मिळत नाहीत. पुस्तकात 'बॅलन्स' म्हणतात तो दोन्ही पारडी सारखी असलेला तराजू मी तरी आमच्या घरात पाहिलेला नाही. एक पारडं खाली जातंच. फक्त कोणतं जाऊ द्यायचं ते आपण ठरवायचं.

अच्युत गोडबोले यांचं उदाहरण आपल्याला सगळेच देतात. १९७२ साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झाले, शहाद्याला भिल्ल आदिवासींमध्ये काम केलं, नंतर सॉफ्टवेअर कंपन्यांत मोठ्या पदांवर राहिले आणि सुलभा पिशवीकर यांच्यासोबत रागसंगीतावर 'नादवेध' लिहिलं. वाचून छाती दडपते. आपण काही एवढे मोठे नाही. पण वर्षातला एक दिवस तर आपल्यालाही राखता येईल ना?

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टला, शुक्रवारी होता. बैल आता कमी झालेत, ट्रॅक्टर वाढलेत. झडत्या टाकणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवशी दादानं स्वतः रचलेली एक झडती टाकली, कापसाच्या भावावर. समोरच्या रांगेतून लगेच जवाब आला. दादाचं काम क्लाउडचं आहे हे गावाला माहीत! त्यामुळे जवाबाचा मतलब असा, की तुया कंपनीत ढग इकतेत म्हनते, मंग आमच्या वावरात पानी काहून नाही? सगळा पोळा हसला, दादा सगळ्यात जास्त. उत्तर काही त्याला सुचलं नाही. पण ती झडती कोणत्याच फाइलमध्ये नव्हती. दादा तिथं उभा होता म्हणून ती जन्माला आली.

आता माझी पाळी. कॅम्पसच्या कंपन्याही नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतात. टेस्ट आणि पोळा एकाच दिवशी आले तर? खरं सांगतो, मी टेस्ट देईन. घरी दोघी बहिणींची शिक्षणं बाकी आहेत. पण 'मग बघू' म्हणणार नाही. नोकरी लागली की पहिल्या वर्षीच रजेचा अर्ज टाकीन आणि कारणाच्या जागी आजारपण न लिहिता 'पोळा' लिहीन.

तूर्तास रेझ्युमेत 'हॉबीज'पुढे सगळे लिहितात ते 'रीडिंग, म्युझिक' खोडून मी 'झडत्या' लिहिलंय. इंटरव्ह्यूत त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगायची तयारी चालू आहे. कॉन्व्हेंटचा एवढा तरी उपयोग झालाच पाहिजे!