आणि साथीदार

आमच्या भटवाडीच्या चाळीत कुणाला फॉर्म भरायचा असला, की माझ्या नावाचा पुकारा होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत सगळे कागद माझ्या हातून जातात. गेल्या श्रावणात मास्तर आले. हातात एक कोरा अर्ज होता. म्हणाले, "बाळ, एवढं लिहून देशील? माझं अक्षर आता थरथरतं."

मास्तर म्हणजे खालच्या मजल्यावरचे व्हायोलिनवाले. वय वर्षे 72. संध्याकाळी त्यांच्या खोलीतून एकच सूर कितीतरी वेळ येत राहतो. लहानपणी मला वाटायचं, ह्यांना बहुधा पुढचं येत नसावं!

अर्ज होता वृद्ध कलावंतांना सरकारकडून मिळणाऱ्या मानधनाचा. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर लिहून झाली. मग एक रकाना आला: केलेल्या कामाचे पुरावे. मास्तरांनी कॉटखालची ट्रंक ओढली. हँडबिलं, कात्रणं, कार्यक्रमपत्रिका. मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, गल्लोगल्लीचे गणेशोत्सव. सगळीकडे गायकाचं नाव ठळक, निवेदकाचं त्याखाली, तबल्याचं कधी असे, कधी नसे. आणि अगदी तळाला दोन शब्द: 'आणि साथीदार'.

मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं. "हा मी."

मी हसले, पण लगेच लक्षात आलं की ते विनोद करत नव्हते.

पुरावे शोधण्यासाठी म्हणून मी रोज त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि पुरावे बाजूला राहून दुसरंच काही शिकू लागले. मास्तरांचं शिक्षण दोन घरी झालं. कुर्ल्याला एक गोवेकर सर होते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवीत. तिथलीच माणसं पुढे मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रांचा कणा झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव घातलं, ते साऱ्या देशाच्या तोंडी झालं. पण ते नाव खऱ्या माणसाचं आहे, हे मला मास्तरांकडून कळलं.

दुसरं घर दादरच्या गुरुजींचं. सर उभं राहून, वाद्य हनुवटीखाली धरून, कागद वाचायला लावीत. गुरुजी मांडी घालून बसवीत, वाद्याचं टोक उजव्या पायावर टेकवीत, तारा षड्ज-पंचमात लावीत आणि कागद हिसकावून घेत! व्हायोलिनला पडदे नसतात. बोट तारेवरून घसरत जातं आणि मींड गळ्यासारखी निघते. म्हणूनच हे परदेशी वाद्य आपल्या गाण्यात मिसळलं. गजाननराव जोशी स्वतः गवई आणि व्हायोलिनवादकही. दातारांचं वादन गायकी अंगाचं. आणि प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनमधून तर भावगीताचे शब्द ऐकू येत, असं मास्तर सांगतात. जोग 2021 साली गेले, त्या दिवशी मास्तरांनी गजाला राळ लावली, पण वाजवलं मात्र नाही.

मास्तर काही काळ सिनेमाच्या ध्वनिमुद्रणालाही जात. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब. शिफ्टप्रमाणे पैसे. एकेका गाण्याला व्हायोलिनांच्या रांगाच्या रांगा. मास्तर शेवटच्या रांगेत. पुढे सिंथेसायझर आला. एक माणूस एका पट्टीवर बोटं ठेवून साऱ्या रांगांचं काम करू लागला. मास्तर परत नाट्यगृहांकडे, लग्नांकडे आणि शिकवण्यांकडे वळले. रात्री शेवटच्या लोकलने यायचं, तर पेटी कायम मांडीवर. वर ठेवली तर लोक तिच्यावर पिशव्या टाकतात.

एकदा त्यांनी एक जुनी कॅसेट लावली. कुठल्याशा उत्सवातलं भावगीत.

"व्हायोलिन कुठं आहे, सांग."

मी कान देऊन ऐकलं. "मास्तर, नाहीच आहे की."

ते खूष झाले. "म्हणजे बरोबर वाजवलंय." मग कॅसेट मागे फिरवून म्हणाले, "शब्द ऐकू नकोस. तिचा श्वास ऐक."

पुन्हा ऐकलं. ओळ संपता संपता गायिकेचा श्वास सुटत होता, आणि नेमक्या तिथेच, कुणी हळूच हाताखाली हात द्यावा तसा एक बारीक सूर येऊन उभा राहत होता. तिने श्वास घेतला की तो नाहीसा! मग ते प्रत्येक ओळीला ऐकू येऊ लागलं. माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर या माणसाने ऐकू येऊ नये म्हणून मेहनत केली, आणि आता अर्ज विचारतोय, तुम्ही कुठे दिसता?

शेवटी पुरावा सापडला तो मुलुंडच्या एका उत्सव मंडळात. तिथले वयस्कर चिटणीस मोठे टापटिपीचे. कपाटातून त्यांनी जुन्या जमाखर्चाच्या फायली काढल्या. 1987 सालचं एक व्हाउचर. 'व्हायोलिन एक, रु. 175', आणि रेव्हेन्यू तिकिटावर आडवी, ठणठणीत सही. अक्षर तेव्हा थरथरत नव्हतं. अशी अकरा व्हाउचरं निघाली. मला तर उडी मारावीशी वाटली. मास्तर मात्र शेजारचंच व्हाउचर निरखत होते.

"त्या वर्षी तबल्याला सव्वादोनशे दिले होते तर!" ते म्हणाले. सदतीस-अडतीस वर्षांनी लागलेला हा शोध त्यांना पार घाटकोपर येईपर्यंत पुरला.

घरी येऊन अर्ज पुरा केला. 'कलाप्रकार' या रकान्यात मी झोकात लिहिलं, 'व्हायोलिनवादक'. मास्तरांनी चष्मा वर केला.

"पुढे 'साथ' लिही."

"मास्तर, कशाला? नुसतं वादक जास्त वजनदार दिसतं."

"दिसू दे. माझं काम साथीचं. ते लिही."

मी लिहिलं.

अर्ज दिला त्याला आता पाच महिने झाले. उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमन दिसला की मास्तर काही विचारत नाहीत, नुसते दारात येऊन उभे राहतात. संध्याकाळी तो एकच सूर खालून येतो. मी पुस्तक मिटते आणि तो नेमका कधी सुरू झाला ते पकडू बघते. अजून एकदाही पकडता आलेलं नाही.