चौथ्या ट्रॅकवर थांबलेली सीडी

२००९ची दिवाळी. सहकारनगरातल्या माझ्या खोलीत आम्ही चौघे जण बसलो होतो, मधोमध चिवड्याचं ताट आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकचं वेष्टनही न काढलेली एक सीडी. ती आणली होती आयंडहोव्हनला नोकरी करणाऱ्या मित्राने. ट्रान्स वाजवणाऱ्या डीजे टिएस्टोचं गाव ब्रेडा तिथून आगगाडीने तासाच्या आत येतं, आणि या एका गोष्टीमुळे आमच्यात त्या मित्राचा मान फार मोठा होता. सीडी टिएस्टोचीच, नाव 'कॅलिडोस्कोप'. जेमतेम दोनच आठवड्यांपूर्वी बाजारात आलेली. पहिला ट्रॅक संपला तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याला एकाने भुवया उंचावल्या. चौथा सुरू होऊन मिनिटभर झालं असेल, तोच आमच्यातल्या सगळ्यात कडव्या भक्ताने हात पुढे करून प्लेअर बंद केला. "गेला लेका हा," तो म्हणाला. कुणी मेल्याची बातमी सांगावी तसा.

मी तेव्हा एका स्टुडिओत उमेदवारी करत होतो आणि शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात रेकॉर्ड वाजवत होतो. आता मास्टरिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं संगीत बाजारात जाण्याआधी शेवटचा कान माझा असतो. गेल्या सोळा वर्षांत ती सीडी मी किती वेळा ऐकली याचा हिशोब नाही. त्या दिवशी आम्ही नेमके कशावर चिडलो होतो, हे मात्र मला बऱ्याच उशिरा उमगलं.

ट्रान्सच्या वाटेला न गेलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. हा प्रकार मिनिटाला साधारण १३८ ठोक्यांच्या लयीत चालतो. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरलं, तर बत्तीस आवर्तनांना जवळपास ५६ सेकंद लागतात, आणि डीजेची सगळी मोजणी अशा आठ, सोळा, बत्तीसच्या पटींत असते. ट्रॅकच्या मध्यावर किक, म्हणजे तो खालचा धपधप ठोका, एकदम काढून घेतात. याला ब्रेकडाउन म्हणतात. उरतात ते नुसते लांबलेले सूर. रोलँडच्या जेपी-८००० या १९९६च्या सिंथेसायझरवर एकाच स्वराच्या सात करवती लहरी किंचित बेसूर करून एकावर एक रचता येत, आणि तो रुंद, थरथरता आवाज म्हणजे या संगीताची जणू सहीच झाली. मिनिट-दीड मिनिट ठोका नसतो, तरी अंगातली मोजणी चालूच राहते. पाय थांबलेले, हात वर, आणि हजारो माणसं एकाच समेची वाट बघतायत. मग किक परत येते. बडा ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हा आनंद समजावून सांगावा लागू नये. गवई समेवर येतो तेव्हा आपली मान हलते. इथे अख्खं मैदान उडी मारतं.

ही लांबण कुठून आली, हे बघण्यासारखं आहे. अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत वाजवणारे लोक उन्हात वाकड्या होणाऱ्या तबकड्यांऐवजी डॅट टेप वापरत. टेपची गती हाताने जुळवता येत नाही, त्यामुळे गोवा ट्रान्सच्या ट्रॅकना आगापिछा ठोक्याविना लांबलचक ठेवलेला असे, म्हणजे एक विरताना दुसरा उगवू शकेल. युरोपात बारा इंची तबकडी होती. तिथे आरंभी आणि अखेरीस नुसता ठेका ठेवत, पुढच्या डीजेला लय जुळवायला जागा मिळावी म्हणून. आठ-नऊ मिनिटांचा ट्रॅक म्हणजे रसिकांचे लाड नव्हते, ती कारागिराची सोय होती. आम्ही तिलाच शास्त्र समजून बसलो.

आता टिएस्टो. खरं नाव टाइस फर्वेस्ट, जन्म १९६९चा. १९९७मध्ये त्याने भागीदारीत ब्लॅक होल ही कंपनी काढली. २००१च्या 'इन माय मेमरी' या पहिल्या स्टुडिओ अल्बममध्ये तासाहून जास्त संगीत आणि ट्रॅक अवघे नऊ. 'डीजे मॅग' या इंग्लिश मासिकाच्या वाचकांनी २००२ ते २००४ अशी सलग तीन वर्षं त्याला पहिला क्रमांक दिला. सॅम्युअल बार्बरचं १९३६चं 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' घेऊन त्याने त्याखाली किक घातली, आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकलं नव्हतं अशी पोरं त्यावर रडली. मीही त्यांतला.

१३ ऑगस्ट २००४ला अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन चालू असताना संगीत वाजवत होता तो. अंजू बॉबी जॉर्ज तिरंगा घेऊन पुढे आणि आपलं पथक तिच्यामागे. आम्ही हॉस्टेलच्या टीव्हीला कान लावून समालोचकाला शिव्या घालतोय, कारण त्याच्या बडबडीत बेसलाइन ऐकू येत नव्हती. आमचा देव जगाच्या चौकात उभा होता.

असा माणूस 'कॅलिडोस्कोप' घेऊन आला. ब्लॅक होल सोडून 'म्युझिकल फ्रीडम' हे नवं लेबल काढलं होतं. नावातच टोमणा होता, निदान आम्हाला तरी तो तसा ऐकू आला. एका सीडीवर सतरा ट्रॅक. सीडीत ऐंशीच मिनिटं मावतात, तेव्हा हिशोब करा: सरासरी पाच मिनिटंही एकाच्या वाट्याला येत नाहीत. पाहुणे कोण? सिगुर रोसचा योन्सी, नेली फुर्टाडो, टीगन आणि सारा, ब्लॉक पार्टीचा केले ओकेरेके, कॅल्विन हॅरिस. कडवं, धृपद, कडवं. लय उतरलेली, ब्रेकडाउन आखडलेला. रेडिओवर चालेल असं सगळं. जगभरच्या ट्रान्सवाल्यांचा निकाल ठरलेलाच होता: विकला गेला.

हा आरोप मला आता आळशी वाटतो. नुसतं आखडणं हा गुन्हा असता, तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्या आपण फेकून द्यायला हव्या होत्या. तीन-सव्वातीन मिनिटांत राग उभा करून खाँसाहेब निघून जातात, आणि काही कमी पडलं असं कुणी म्हणत नाही. शिवाय या अल्बमचा पहिलाच ट्रॅक, योन्सीने गायलेला, मी आज माझ्या स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावतो तेव्हा मला तो टिएस्टोच्या उत्तम कामांपैकी एक वाटतो. ट्रान्सची अवजारं त्यात फारशी नाहीत, ट्रान्सची वाट बघणं मात्र आहे. योन्सीचा उंच, काचेसारखा आवाज शब्दांच्या अर्थाची पर्वा न करता हळूहळू उघडत जातो. नेली फुर्टाडोचं गाणं मात्र मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. एकूण सतराऐवजी दहा ट्रॅक ठेवले असते तर बरं झालं असतं. अशी तक्रार मी गिऱ्हाइकांच्या अल्बमबद्दल आठवड्यातून दोनदा करतो, आणि ती कुणी मनावर घेत नाही.

मग आमचं दुखणं काय होतं?

टिएस्टोवर आमचं प्रेम बसलं ते त्याच्या अल्बमांमुळे नव्हेच. ते बसलं 'इन सर्च ऑफ सनराइज' या मालिकेमुळे. १९९९पासून २००८पर्यंत त्याने तिचे सात भाग केले. पुढचे भाग पनामा, लॉस एंजेलिस, इबिझा, शेवटी आशिया, अशी ठिकाणांची नावं असलेले. अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून त्यांच्या नकला करून घेतलेल्या मला आठवतात. रात्री सुरू करायचं आणि पहाटे संपवायचं असं ते संगीत. पण हे मिक्स होते. त्यातले बहुतेक ट्रॅक इतरांचे, ज्यांची नावं वाचायची तसदी आम्ही कधी घेतली नाही. आम्ही ज्याला 'टिएस्टोचा आवाज' म्हणत होतो, ती पुष्कळशी त्याची निवड होती, त्याचा क्रम होता, एकातून दुसऱ्यात शिरण्याची त्याची वेळ होती. ते कसब खोटं नाही. मी स्वतः ते शिकायला दहा वर्षं घालवली. पण ते सूत्रधाराचं कसब आहे. स्टुडिओ अल्बम म्हणजे सूत्रधाराला म्हणायचं, आता तू गा. तो गायला लागला आणि त्याला पॉपची गाणी आवडतात असं निघालं. आम्हाला धक्का बसला, कारण गेली दहा वर्षं आम्ही दुसऱ्यांची गाणी त्याच्या नावावर जमा करत आलो होतो.

(त्यातही 'गा' हे अर्धंच खरं. त्याच्या अल्बमांच्या श्रेयनामावलीत सहनिर्माता म्हणून डेनिस वाकोप रायर्स हे नाव पुन्हा पुन्हा येतं. चाहत्यांना ते ठाऊक नसतं. माझ्या धंद्यातल्या लोकांना ते आधी दिसतं.)

त्याच वेळी मालिकाही गेली. 'इन सर्च ऑफ सनराइज' ब्लॅक होलकडे राहिली आणि आठवा भाग रिचर्ड डुरांडने केला. एकाच वर्षी पहाटही गेली आणि ती दाखवणाराही.

भक्त सांभाळून रेडिओकडे कसं जायचं, हा पेच ट्रान्सचाच दुसरा डीजे आर्मिन व्हान ब्यूरन याने जास्त हुशारीने सोडवला, असं माझं मत आहे. लायडनचा कायद्याचा पदवीधर तो, वकिली डोक्याचा. २००१पासून दर आठवड्याला 'अ स्टेट ऑफ ट्रान्स' हा रेडिओ कार्यक्रम चालवून त्याने भक्तांचा नैवेद्य वेगळा काढून ठेवला. मग २०१३च्या 'इंटेन्स'मध्ये ट्रेव्हर गथ्रीकडून सरळसोट रेडिओचं गाणं गाऊन घेतलं, त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. कुरकुर झाली, पण देऊळ फुटलं नाही, कारण गाभाऱ्यातली पूजा चालू होती. टिएस्टोने गाभाऱ्याला कुलूप घातलं आणि २०११मध्ये लास व्हेगासच्या हार्ड रॉकमध्ये मुक्काम टाकला. धंदा म्हणून त्याचं चुकलं असं म्हणायची सोय नाही. माझा एकवीस वर्षांचा भाचा त्याला 'द बिझनेस' या गाण्याचा माणूस म्हणून ओळखतो. हा माणूस ट्रान्स वाजवायचा हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते अंजुण्यातलं झिंगलेल्यांचं ना?" मी विषय बदलला.

२०२०च्या उन्हाळ्यात, सगळे क्लब बंद असताना, टिएस्टोने 'फर्वेस्ट' या आडनावाच्याच बुरख्याखाली एक ट्रॅक काढला, 'फाइव्ह सेकंड्स बिफोर सनराइज'. २००७च्या 'एलिमेंट्स ऑफ लाइफ' या अल्बमवर 'टेन सेकंड्स बिफोर सनराइज' होता, हे ज्याला आठवतं त्यालाच तो इशारा कळावा. नवा ट्रॅक संथ आहे, घरात बसून ऐकण्याचा, ट्रान्स म्हणता येणार नाही असा. मी तो रात्री अकराला ऐकला आणि दुवा पाठवला, त्या दिवाळीत प्लेअर बंद करणाऱ्या मित्राला. तो आता हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दोन मुलींचा बाप.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "पूर्ण ऐकला. ब्रेकडाउन छोटा आहे."