माळेगावच्या माळावर एक रात्र

लातूरहून नांदेडकडं जाताना चाकूर, अहमदपूर मागं पडलं की बालाघाटचा माळ मोकळा होत जातो. मुरमाड जमीन, काढणीला आलेली तूर, मधूनच एखादी बाभळ. लोहा तालुक्यातलं माळेगाव याच रस्त्यावर आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे येळवसेच्या, मार्गशीर्ष अमावस्येच्या, आदल्या दिवशी, इथं खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. एक घोंगडी, पाण्याची बाटली आणि दोन भाकरी घेऊन मी निघालो होतो. रात्र उघड्या माळावर काढायची, एवढंच मनात होतं.

उघड्यावर झोपणं मला नवीन नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. जवळपास १० हजार माणसं गेली. औसा तालुक्यातलं आमचं घर उभं राहिलं, पण दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरचं जड माळवद यांची अशी धास्ती बसली की पुढं कित्येक महिने आम्ही अंगणातच झोपलो. तेव्हापासून उघडं आभाळ म्हटलं की मला आधी भीती आठवते.

माळेगावात उतरलो तेव्हा भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला होता. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा गजर, वाघ्या-मुरळींची गाणी, आणि पलीकडं घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार. गाढवाचं वय दातांवरून ठरतं: दोन दातांचं दुवान, चार दातांचं चवान. इथून जवळच कंधार, राष्ट्रकूट राजांची जुनी नगरी. तिथल्या किल्ल्याला खंदक आहे, तट आहे. माळेगावचा इतिहास मात्र दगडात सापडत नाही. तो दरवर्षी पालं घेऊन येतो आणि पालं गुंडाळून जातो. वैदू, घिसाडी, मसणजोगी, गोसावी अशा कितीतरी जमाती इथं जमत आल्या, जातपंचायती बसल्या, सोयरिकी जुळल्या. बाणाईसाठी धनगरवाड्यावर मेंढरं राखणारा देव या लोकांना आपला वाटला, यात नवल नाही.

दिवस मावळल्यावर एका ओघळीत मी घोंगडी पसरली. वारा लागत नव्हता. शेजारच्या पालातून एक आजी ओरडल्या, “तिथं कशाला टाकायलास लेकरा? खोलगटात थंडी साठती. वर ये, पाठीला दगड घे.” मी उठून वर गेलो.

त्यांची सून पाल ठोकत होती. मुरमात खुंटी शिरेना, म्हणून तिनं दोरीचं टोक मोठ्या दगडाला गुंडाळलं आणि त्यावर दुसरा दगड ठेवला. पालाचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. आडोशाला तीन दगडांची चूल, जळणाला तुराट्या. गाढवं बांधली ती वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे त्यांचाही आडोसा झाला. सगळं अर्ध्या तासात उरकलं.

अशा कितीतरी भटक्या जमाती इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. मुक्काम कुठं, निघणार कधी, याची हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. तरी संशय उरला, आणि आमच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात तोच मांडला. मी आजींना विचारलं, इथं दरवर्षी का येता? चुलीत तुराटी सरकवत त्या म्हणाल्या, “वरीसभर लोक इचारतात, कवा उठणार? हितं कुणी इचारत न्हाई.”

त्या वाक्यावर मी बराच वेळ जागा होतो. अमावस्येच्या तोंडाची रात्र, वर मृग आणि त्याच्या पोटातला बाण लख्ख दिसत होता. पाठीला दगड होता. पहाटे दव पडलं, घोंगडी जड झाली, गाढवानं कान झटकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघड्यावर मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी येळवस. परतीच्या वाटेवर गावं ओस पडली होती आणि शेतं माणसांनी भरली होती. आमच्याही शेतात कडब्याची कोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पुढं भज्जी, उंडे आणि आंबिलाचा माठ. वर्षातून एक दिवस आम्ही सगळे घर सोडून कडब्याच्या आडोशाला बसतो आणि त्याला सण म्हणतो. ज्यांचं वर्षच पालात जातं त्यांना मात्र आम्ही विचारतो, कधी उठणार?

संध्याकाळी सगळे गावात परतले. मी थांबलो. कोपीच्या पाठीशी उंचवटा बघून घोंगडी टाकली, आणि रस्त्यावरून कुणी पालवाले येताना दिसतील का, म्हणून बराच वेळ तिकडं पाहत राहिलो. आमच्या बांधालगत त्यांच्यापुरती जागा नक्की होती.