आबाजींचं देणं

गेली काही वर्षं मला रात्री सलग झोप लागते. या झोपेचं श्रेय ज्यांना द्यायचं, ते आबाजी शेगावला संत गजानन महाराजांच्या दर्शनबारीत सेवा करायचे. ते मेहकरकडचे कोरडवाहू शेतकरी. आम्ही सगळे त्यांना आबाजीच म्हणायचो.

मी खामगावात गणित शिकवायचो. पोराला फळ्यापुढे उत्तर सुचायला वेळ लागला की मी डस्टर आपटायचो. घरातली माणसं माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेऊन बोलायची. गावाकडे धाकटा भाऊ शेती बघायचा. पाऊस लांबला की त्याचा फोन यायचा आणि त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच मी त्याच्या चुका मोजायला लागायचो. या सगळ्याला मी शिस्त समजत होतो. मध्यरात्री जाग यायची, छाती धडधडायची, ती पहाटेपर्यंत.

मन शांत होईल म्हणून शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेसाठी नाव दिलं. तिथे सेवाधाऱ्याला वेतन नसतं आणि समोर येईल त्याला, लहान असो की म्हातारा, 'माउली' म्हणायचं असतं. ज्यांच्या काळात ही सेवा आणि शिस्त महाराष्ट्रभर नावाजली गेली, ते शिवशंकरभाऊ पाटील 4 ऑगस्ट 2021 रोजी गेले. आबाजी त्या शिस्तीत मुरलेले होते.

एका गर्दीच्या दिवशी एक आजी मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, अजून किती वेळ लागेल? शेवटी मी तोंड फिरवलं. आबाजी पुढे आले आणि जणू पहिल्यांदाच विचारलंय अशा आवाजात त्यांनी आजींना सगळं सांगितलं. मग मला म्हणाले, "तुले लय खेपा वाटते, बापू. तिच्यासाठी दरखेपी पयलीच खेप हाय. ध्यानात राह्यत नाही, हा तिचा गुन्हा हाय का?"

त्या दिवसापासून मी बारीत राग गिळायला लागलो. तो धीर नव्हता. दिवसा गिळलेलं सगळं रात्री छातीवर येऊन बसायचं. हे आबाजींनीच ओळखलं. जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "रातच्याले झोप लागते का?" तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगितलं: लागोपाठ नापिकी झाल्यावर त्यांचं जेवणावरून, जगण्यावरून मन उडालं होतं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाऊन ते सावरले होते. "सेवा आपल्या जागी, डाक्टर आपल्या जागी," म्हणाले आणि मला सोबत घेऊन गेले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की अशा गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करू नका. मला आठवड्यातच फरक हवा होता. गोळ्या सोडतो, असं फोनवर म्हणालो तेव्हा आबाजी म्हणाले, "तूर पावसाळ्यात पेरतो आन् हिवाळ्यात सोंगतो. गोयीले मात्र आठ दिवस?" गोळ्या चालू राहिल्या. समुपदेशनात श्वास संथ करायला शिकलो आणि उत्तर देण्याआधी थांबायलाही.

वर्गात प्रश्न विचारून गप्प उभं राहणं मला फार जड गेलं. पण थांबलो, तर मागच्या बाकावरची पोरंही बोलायला लागली. भावाच्या बाबतीत उशीरच झाला होता. पुढच्या एका पावसाळ्यात दुबार पेरणीची वेळ आली, त्याचा फोन आला आणि मी नुसतं ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दादा, आज तू ऐकलं." तो काय सोसत होता ते मला त्या दिवशी कळलं. आबाजी भेटले नसते, तर त्याही दिवशी मी त्याला मध्येच तोडलं असतं, आणि मग काय झालं असतं याचा विचार अजूनही करवत नाही.

आबाजी आता थकलेत, बारीत उभं राहवत नाही. मी गावी जाऊन भेटतो. आभार मानलेले त्यांना चालत नाहीत, "तुह्यासारखा दुसरा कोनी दिसला तं त्याले इचार," एवढंच म्हणतात. म्हणून हे लिहिलं. आपल्या बुलडाण्यासह 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करण्यासाठी शासनाने 2015 मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी आशाताई घरी आल्या तर त्यांच्याशी मोकळेपणी बोला. मनाच्या आरोग्यासाठीच्या टेली मानस मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरात कुणाची झोप उडाली असेल, तर आज त्याच्याजवळ बसा आणि त्याचं पुरतं ऐकून घ्या.