क्लोन कोणता?

अँटीबॉडी मागवताना बहुतेकजण आधी भाव बघतात, मग कंपनी. मी आधी क्लोनचं नाव बघते. कॅटलॉगमध्ये ‘मानवी बीटा-१ इंटिग्रिनसाठी’ एवढ्याच वर्णनाखाली बऱ्याच बाटल्या सापडतात आणि लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांना वाटतं, रेणू एकच, मग स्वस्त पडेल ती घ्यावी.

इंटिग्रिन हे पेशीच्या पृष्ठभागावरचे चिकटण्याचे ग्राही. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची ही जोडी असते. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्या आहेत, त्यांच्या जोड्या जमतात २४. पण पृष्ठभागावर आहे म्हणजे कामाला लागलेलं आहे, असा हिशेब इथे चालत नाही. निवांत असताना हा रेणू कमरेत वाकून, डोकं पेशीपटलाकडे घालून असतो. पेशीने आतून इशारा दिला की ताठ होतो आणि मग बाहेरचं काही घट्ट पकडतो. रक्तातल्या पेशी सतत चिकट राहिल्या तर वाहायच्या कशा?

आता बाटल्यांकडे या. के२० हा क्लोन बीटा-१ वाकलेला असो वा ताठ, त्याला धरतो. म्हणजे एकूण किती ते सांगतो. १२जी१० ला उघडलेलं रूप पसंत, मॅब१३ ला मिटलेलं. टीएस२/१६ तर बसता बसता रेणूलाच जागं करतो. मोजायला गेलात आणि पेशी आपल्याच हाताने चिकट करून आलात, असा प्रकार! कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजेच क्लोनमधून, एकच अँटीबॉडी काढण्याची युक्ती शोधली, त्यामुळे हा काटेकोरपणा शक्य झाला. सशाच्या रक्तद्रवात सगळ्या अँटीबॉडींची सरमिसळ असते. तिथे असा प्रश्न विचारायची सोयच नाही.

आमच्याकडे हे सगळं पुस्तकी राहत नाही. लहान मुलांचे नमुने येतात, सोबतच्या फॉर्मवर दोन ओळी: नाळ उशिरा गळली, पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या, जखम भरत नाही पण पू मात्र नाही. पू नाही हे घरच्यांना चांगलं लक्षण वाटतं. खरं तर पू म्हणजे जखमेपर्यंत पोचलेल्या न्यूट्रोफिल पेशी. इथे त्या रक्तातच अडकून पडलेल्या असतात, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला लागणारं बीटा-२ इंटिग्रिन, म्हणजे सीडी१८, त्यांच्यावर नाही. एलएडी-१ नावाचा हा जन्मजात आजार. फ्लो सायटोमीटरवर शेजारी निरोगी माणसाचं त्याच दिवशी काढलेलं रक्त लावलं की त्याचा आलेख उजवीकडे उंच उभा राहतो आणि बाळाचा डावीकडे, बिनरंगी पेशींच्या आलेखाला चिकटून. आई-वडिलांचे बहुधा मधोमध. इतकं स्वच्छ उत्तर या कामात क्वचितच मिळतं.

पण सीडी१८ भरपूर असूनही एखादं बाळ तसंच आजारी असू शकतं. २००९ मध्ये उलगडा झाला की काही मुलांमध्ये किंडलिन-३ हे आतलं प्रथिन बिघडलेलं असतं. इंटिग्रिन जागेवर असतं, फक्त ताठ होत नाही. हा एलएडी-३. ‘किती आहे’ विचारणारा क्लोन इथे सगळं ठीक असल्याचं सांगेल आणि ते खोटंही नसेल. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘सीडी१८ नॉर्मल’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

आणि रूप ओळखायचं तर नळीपासूनच सावध राहायला हवं. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं. सीडी१८ मोजायला ते चालतं. पण ताठ बीटा-२ ओळखणाऱ्या मॅब२४ ला मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे या नळीत ती खूण मिळतच नाही. वाढवलेल्या पेशींचंही असंच. त्या ताटलीतून ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवल्या की कॅल्शियमचं संरक्षण गेलेल्या ई-कॅडेरिन या पृष्ठभागावरच्या चिकटण्याच्या रेणूचं बाहेरचं टोक कापलं जातं आणि मग आलेखावर काहीच दिसत नाही. दोष अँटीबॉडीला दिला जातो. (माझ्या मते ‘ही अँटीबॉडी चालत नाही’ या तक्रारींपैकी निम्म्याअधिक पेशी सोडवण्याच्या पायरीवरच संपतील.)

नुसती मोजणी असेल तर मी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून नळ्या त्यात ठेवते. अँटीबॉडीला दोन हात असतात. उबेत ती शेजारच्या दोन रेणूंना एकत्र ओढते आणि पेशी ते गिळून टाकते. शिवाय न्यूट्रोफिलच्या आतल्या कणांमध्ये सीडी११बी-सीडी१८ या जोडीचा साठा असतो. नमुना रेंगाळला, हेंदकाळला की तो वर येतो आणि आकडा फुगतो.

हल्ली सीडी१८ ची मागणी आली आणि आकडा नॉर्मल निघाला की मी वॉर्डात फोन करते. एकच विचारते: बाळाला नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर निळे डाग उठतात का? किंडलिन-३ प्लेटलेट्सनाही लागतं, म्हणून हा प्रश्न. उत्तर ‘हो’ आलं तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत नवं रक्त मागवते. त्यातल्या प्लेटलेट्सवर सीडी४१ आणि सीडी६१ ही त्यांच्या इंटिग्रिनची जोडी नसेल तर तो ग्लान्झमानचा आजार. ते असेल, पण एडीपी देऊन डिवचल्यावरही ताठ रूपालाच धरणारा पॅक-१ हा क्लोन बसला नाही, तर पुढची तपासणी किंडलिनच्या जनुकाची.